जाड तारा म्हणजे जाड टोन? नाही!

गिटार शिकणाऱ्याला हमखास ऐकवलं जातं: भरदार टोन (आवाजाचा पोत) हवा तर जाड तारा लाव. पुरावा म्हणून अमेरिकन ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे वॉनचं नाव पुढे येतं. त्याची पहिली, म्हणजे सर्वांत बारीक तारही ०.०१३ इंचाची असायची, हे खरंच. पण तो गिटार अर्धा स्वर खाली लावायचा, त्याने तारांचा ताण साधारण ११ टक्के उतरतो आणि जाड तारा वाजवणं सोपं होतं, हे कुणी सांगत नाही.

आता टोनी आयोमी बघा. त्याच्या ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल बँडचा तो छातीत घुमणारा आवाज बारीक तारांवरचा आहे. १९६५ मध्ये कारखान्यातल्या यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका हाच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं आणि बॅन्जोच्या बारीक तारा लावल्या. केवढी ही जिद्द! झीझी टॉप या रॉक बँडचा बिली गिबन्स तर पहिली तार ०.००७ इंचाची लावून वाजवतो.

जाड तार जोरदार आघात सोसते, सूर कमी हलतो, एवढा फायदा आहे. बाकी भरदारपणा पिकअप (तारांची कंपनं टिपणारा भाग), अ‍ॅम्प (आवाज मोठा करणारं यंत्र) आणि मुख्य म्हणजे हातातून येतो. उगाच बोटं सोलवटून घेऊ नका. आधी अ‍ॅम्पचं मिडचं (मधल्या पट्टीच्या सुरांचं) बटण फिरवून ऐका.