संत्र्यावरच्या बुरशीची दूरची बहीण

आंबिया बहाराच्या संत्र्यांचा माल नागपूरच्या कळमना बाजारात उतरला की आमच्याकडे पेटी येते, आणि चार दिवसांत तळाच्या एखाद्या संत्र्यावर निळसर-हिरवी पूड धरते. ती पेनिसिलियम बुरशी. फळ फेकायचंच, पण तिच्या गोतावळ्यातल्या एकीने कर्करोगाच्या संशोधनात मोठं काम करून ठेवलं आहे.

ती पेनिसिलियम वॉर्टमनाय. (शास्त्रज्ञांनी आता तिला टॅलरोमायसिस या गटात टाकलंय, म्हणजे नातं जरा लांबचंच.) तिच्यापासून मिळालेल्या वॉर्टमॅनिन या रसायनाची नोंद 1957 सालची. पेशीत ते नेमकं कुणाला धरतं, हे कळायला मात्र 1990चं दशक उजाडलं.

ते धरतं पीआय-थ्री-कायनेज या विकराला (एन्झाइमला). कायनेज म्हणजे एटीपीकडून (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूकडून) फॉस्फेट घेऊन दुसऱ्या रेणूला लावणारं विकर. हे महाशय तो पेशीच्या आवरणातल्या एका स्निग्ध रेणूला लावतात. तो दिसला की एकेटी नावाचं प्रथिन तिथे येतं आणि आत निरोप जातो: वाढ, मरू नकोस. पीटेन नावाचं दुसरं विकर तो फॉस्फेट काढून टाकतं. कर्करोगाच्या कित्येक गाठींत पीटेन गायब असतं किंवा कायनेजच बिघडलेलं असतं. मग निरोप थांबतच नाही.

वॉर्टमॅनिन कायनेजमधल्या एटीपीच्या जागेवर बसतं. एसटीच्या खिडकीतून टाकलेला रुमाल उचलून बाजूला तरी ठेवता येतो. हे सीटला शिवूनच घेतं. तिथल्या लायसिन या अमिनो आम्लाशी त्याचा कायमचा रासायनिक बंध जुळतो. मात्रा लागते काही नॅनोमोलर, म्हणजे अगदी नाममात्र, बस्स.

तरी त्याचं औषध झालं नाही. द्रावणात ते टिकत नाही, यकृताला बाधतं, आणि या कायनेजची सगळी भावंडं सरसकट धरतं. पण कुठे घाव घालायचा, ते त्याने दाखवलं. पुढे प्रयोगशाळेत वेगळे, निवडक रेणू घडवले गेले. अल्पेलिसिब हा त्यातला एक. स्तनाच्या एका प्रकारच्या कर्करोगासाठी त्याला अमेरिकेत 2019 साली मान्यता मिळाली.

अल्पेलिसिबने रक्तातली साखर वाढते, कारण इन्सुलिनचा निरोपही याच वाटेने जातो. साखर वाढली की शरीर आणखी इन्सुलिन सोडतं, आणि ते दाबलेली वाट पुन्हा उघडू पाहतं. 2018मध्ये उंदरांना पिष्टमय पदार्थ जवळजवळ बंद केले, तेव्हा अशी औषधं जास्त चालली. हे वाचून कुणी घरातल्या रुग्णाची पोळी बंद करू नये: त्याच प्रयोगांत रक्ताच्या एका कर्करोगात, औषधाविना नुसता तो आहार दिल्यावर, रोग उलट जोरात वाढला होता.