'केस छान आहे': दुर्मीळ रुग्णांच्या नोंदी आणि त्यांवरच्या भाष्याची पार्श्वभूमी

मेडिकलच्या पोरांच्या तोंडी एक वाक्य नेहमी असतं, "केस छान आहे." ते कानावर पडलं की नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो, आणि तिथेच फसगत होते. छान म्हणजे सहसा न दिसणारी, पुस्तकात अर्ध्या ओळीत आटोपलेली, निदानासाठी चार विभागांना धावायला लावणारी. ताप-खोकल्याच्या माणसाला कुणी छान म्हणत नाही, त्याला गोळ्या देऊन घरी पाठवतात. छान केस वॉर्डात मुक्कामाला राहते. राउंडला तिच्याभोवती दहा-बारा पांढरे कोट उभे राहतात, तिचं प्रेझेंटेशन होतं, आणि योग असला तर ती छापून येते. ही छापून येण्याची रीत पडली कशी, आणि छापल्यावर पुढे काय होतं, त्याचं हे टिपण. सुरुवात पुण्यापासून करतो. पुण्याचा अभिमान म्हणून नव्हे, गोष्टच इथली आहे.

ऑक्टोबर १७९४. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये एक पत्र आलं, खाली सही नुसती 'बी. एल.' अशी. पत्रातला माणूस कावसजी. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायचा. १७९२ च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला, टिपूने त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभराहून जास्त काळ तो बिननाकाचा हिंडला. मग पुण्याजवळच्या एका माणसाने, जातीने वीट पाडणाऱ्या, त्याला नवं नाक बसवून दिलं. पत्रातली कृती इतकी बारकाईची आहे की वाचताना हात शिवशिवतात. नाकाच्या खुंटावर मेणाचा पातळ पत्रा बसवून नाकाचा आकार घ्यायचा. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा, भोवती रेघ मारायची, तेवढं कातडं सोडवायचं, पण दोन डोळ्यांच्या मधली एक चिंचोळी पट्टी तशीच राखायची, म्हणजे रक्त चालू राहतं. मग ते कातडं अर्धं पिळून खाली आणायचं आणि खुंटाभोवती चीर देऊन तिच्यात त्याची कड बसवायची. टाक्यांऐवजी कात. आपण पानाला लावतो तोच, पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांवर पसरलेला, पाच-सहा पट्ट्या एकावर एक. चार दिवसांनी तो काढून तुपात भिजवलेलं कापड. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती राखलेली पट्टी कापायची.

आता हे पत्र जरा शंकेखोरपणाने वाचून बघा, कारण भाष्य म्हणतात ते इथूनच सुरू होतं. मुंबई इलाख्यातल्या दोन डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया होताना पाहिली, असं पत्रात आहे. कावसजीचीच पाहिली, की दुसऱ्या कुणाची? वाक्य दोन्ही बाजूंनी लागतं. त्यातल्या एकाचं आडनाव कुठे ट्रिंडले सापडतं, कुठे फिंडले. 'कावसजी' हे नाव पारशी थाटाचं, पण पत्र म्हणतं तो मराठा, शेतकरी जातीचा. साहेबाच्या कानाने मूळ नावाचं काय केलं असेल, त्यावर तर्क लढवायला आपण मोकळे आहोत. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, सुश्रुतसंहितेत नाकाची कृती आहे खरी, पण तिथे माप घ्यायला झाडाचं पान आहे आणि कातडं गालाचं. पुण्याजवळच्या या माणसाच्या हातात पानाच्या जागी मेण आलेलं आणि गालाच्या जागी कपाळ. म्हणजे मधल्या शेकडो वर्षांत कुणीतरी ही पद्धत बदलली, सुधारली, पुढच्याला शिकवली. पोथीत न चढता ती हातातून हातात गेली.

चित्रकार जेम्स वेल्स, ज्याने सवाई माधवरावांचं चित्र काढलं तोच, त्याने कावसजीचंही चित्र काढलं. त्यामुळे पेशंटचं नाव आपल्याला ठाऊक आहे, चेहराही ठाऊक आहे. करणाऱ्याचं नाव मात्र कुणाला विचारावंसं वाटलं नाही. आज नेमकं उलट झालंय, त्याकडे शेवटी येतो. कुंभारवेशीवरून जाताना मला हा माणूस हमखास आठवतो. तो त्या बाजूचा होता असा दावा नाही, पत्रात 'पुण्याजवळ' एवढंच आहे.

पत्राचं चीज व्हायला वीस वर्षं लागली. जोसेफ कार्प्यू या लंडनच्या सर्जनने आधी प्रेतांवर हात बसवला, १८१४ मध्ये जिवंत माणसावर ही शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये दोन यशस्वी केसेसचं पुस्तक काढलं. भूल नावाची गोष्ट तेव्हा नव्हती, एवढं ध्यानात ठेवावं. १८१८ मध्ये बर्लिनच्या ग्रेफेने या विषयावर 'रिनोप्लास्टिक' नावाचं पुस्तक लिहिलं. एक केस, तिच्यावर एकाची कृती, मग दुसऱ्याचं विवेचन. सूत्र, भाष्य आणि भाष्यावरची टीका हा शास्त्र्यांचा जुना उद्योग आपल्याला नवा नाही, फक्त इथे सूत्राच्या जागी कावसजीचं नाक आहे.

एकेका रोग्याची नोंद ठेवण्याची सवय अर्थातच याहून फार जुनी. इजिप्तच्या साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एका पपायरसात ४८ केसेस आहेत आणि बहुतेक केसपुढे निकाल आहे: यावर उपचार करीन, याच्याशी झुंजून बघीन, किंवा हे उपचार करण्याजोगं नाही. हिपोक्रेटिसच्या नावावरच्या 'एपिडेमिक्स'मध्ये ४२ रुग्ण आहेत, त्यातले २५ दगावले. हा आकडा मला फार आवडतो. आपले फसलेले उपचार असे मांडून ठेवायला छाती लागते. आजची नियतकालिकं चाळली तर बहुतेक पेशंट 'सहा महिन्यांनंतर लक्षणमुक्त' असतात.

एकोणिसाव्या शतकात वैद्यकाची नियतकालिकं आली. १८१२ मध्ये बोस्टनचं, जे पुढे 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' झालं, १८२३ मध्ये 'लॅन्सेट', १८४० मध्ये आजच्या 'बीएमजे'चं मूळ रूप. जेम्स पार्किन्सनचा १८१७ चा प्रबंध तर सहा माणसांवर उभा आहे, आणि त्यातले काही त्याने नुसते रस्त्यात पाहिलेले. सहाच माणसं, पण बघणारा नीट बघत होता.

शिकवण्यात केस आली ती वकिलांकडून. १९०० मध्ये हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन या विद्यार्थ्याने पाहिलं की कायद्याची मुलं खटले वाचून, भांडून शिकतात, मग आपण व्याख्यानांत का पेंगायचं? रिचर्ड कॅबट यांनी ही पद्धत उचलली आणि त्यातून सीपीसी, म्हणजे क्लिनिको-पॅथॉलॉजिकल कॉन्फरन्स, उभी राहिली. ज्याने पेशंट पाहिलेला नाही अशा अनुभवी डॉक्टरला फक्त कागद द्यायचे. तो सगळ्यांसमोर मोठ्याने विचार करतो, हे का नाही, ते का असेल. शेवटी पॅथॉलॉजिस्ट उठतो, स्लाइड लावतो, आणि तासभर रचलेला इमला कधी उभा राहतो, कधी पत्त्यांच्या बंगल्यासारखा बसतो. सरांचं निदान चुकलं की मागच्या बाकांवर जी खसखस पिकते, तिच्यातून मुलं जे शिकतात ते पुस्तकातून शिकत नाहीत.

पुण्यात याची जमीन आधीपासून तयार होती. ससून १८६७ मध्ये उघडलं, बी. जे. मेडिकल स्कूल १८७८ चं, त्याचं कॉलेज झालं १९४६ मध्ये. सैन्याचं वैद्यकीय महाविद्यालय १९४८ पासून. पण दुर्मीळ केसचं खरं पुणेरी प्रकरण वेगळ्याच इमारतीतलं आहे. १९५२ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने इथे व्हायरस रिसर्च सेंटर निघालं, १९७८ पासून त्यालाच आपण एनआयव्ही, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ व्हायरॉलॉजी, म्हणतो. (त्याच १९५२ मध्ये मुंबईच्या भेंडे आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये नवा रक्तगट मांडला, तो आज 'बॉम्बे ब्लड ग्रुप'. शीर्षकात 'नवा' हा शब्द त्यांनी अवतरणात टाकला होता. ही नम्रता आता दिसत नाही.)

१९६५ मध्ये नागपूरकडे तापाची साथ होती. तिथल्या दोन रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या शास्त्रज्ञांना एक अनोळखी विषाणू मिळाला. भट आणि रॉड्रिग्ज यांनी तो १९६७ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये मांडला, नाव गावावरून चांदीपुरा. दोन तापकऱ्यांच्या रक्तातला विषाणू, ज्याने कुणाचं फार काही बिघडवल्याचं तेव्हा दिसत नव्हतं. अशा लेखाला आजच्या भाषेत काय किंमत? पुढे २००३ मध्ये आंध्रात मुलं मेंदूच्या आजाराने तासांच्या हिशेबात जाऊ लागली. ३२९ मुलं आजारी, १८३ दगावली. नमुने पुण्याला आले आणि निघाला तोच, फ्रीजरमधला जुना ओळखीचा. तो ३६ वर्षांपूर्वी कुणी लिहून ठेवला नसता, तर त्याला ओळखायला आणखी किती दिवस गेले असते कोण जाणे. त्यावरही वाद झालाच: हा मेंदूज्वर म्हणायचा, की मेंदूच्या रक्तवाहिन्यांवरचा घाला? काही तज्ज्ञांनी दुसरी बाजू जोरात लावून धरली. असा वाद होतो तेव्हाच केस जिवंत राहते, असं माझं मत. २०२४ मध्ये गुजरातेत चांदीपुरा परत आला.

एका केसने काय होऊ शकतं याचं जगातलं ठळक उदाहरण थॅलिडोमाइडचं. १६ डिसेंबर १९६१ च्या 'लॅन्सेट'मध्ये ऑस्ट्रेलियाच्या विल्यम मॅकब्राइड यांचं छोटंसं पत्र आलं. हे औषध घेतलेल्या बायकांच्या बाळांत हातापायांचं व्यंग दिसतंय, तुमच्यापैकी कुणी असं पाहिलंय का, एवढाच मजकूर. पत्राची ताकद त्या शेवटच्या प्रश्नात आहे. जर्मनीत लेन्झ यांनाही तेच दिसत होतं, तिथे औषध आधीच मागे घेतलं गेलं होतं. पुढे हेच मॅकब्राइड दुसऱ्या एका औषधाच्या संशोधनातल्या लबाडीबद्दल १९९३ मध्ये नोंदणी गमावून बसले. एकाच माणसाच्या पदरात दोन्ही.

आणि विचारणाऱ्याने विचारलं नाही, तर? १९८० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये पाच वाक्यांचं एक पत्र आलं: इस्पितळात अफूवर्गीय वेदनाशामक मिळालेल्या ११,८८२ रुग्णांत व्यसन लागल्याची नीट नोंद फक्त चार जणांची. इस्पितळातले, डॉक्टरांच्या नजरेखालचे रुग्ण. पुढच्या ३७ वर्षांत या पत्राचा हवाला ६०८ वेळा दिला गेला, आणि बहुतेकांनी 'इस्पितळातले' हा शब्द गाळला. या गोळ्यांनी अमेरिकेत काय हाहाकार झाला ते सर्वांना माहीत आहे. पाच वाक्यं वाचायला किती वेळ लागतो?

याहून अफाट प्रकार १९९४ चा, कावसजीच्या पत्राला बरोबर दोनशे वर्षं झाली तेव्हाचा. एका नामांकित ब्रिटिश प्रसूतितज्ज्ञाने लिहिलं की गर्भनलिकेत राहिलेला गर्भ काढून त्याने गर्भाशयात रुजवला आणि बाळंतपण सुखरूप झालं. चौकशीत कळलं की अशी पेशंट नव्हतीच. ज्या नियतकालिकात हे छापलं त्याचा संपादक लेखकांच्या यादीत होता.

असल्या गोष्टींमुळे, आणि १९९० च्या दशकात कोणता पुरावा किती भरवशाचा याची उतरंड मांडली गेली त्यामुळे, केस रिपोर्ट, म्हणजे एकेका रुग्णाची अशी छापील नोंद, तळाच्या पायरीवर गेला. २०१३ मध्ये तो कसा लिहावा याची 'केअर' नावाची मार्गदर्शिका आली. आपल्याकडे २०१५ मध्ये तेव्हाच्या वैद्यक परिषदेने प्राध्यापकांच्या बढतीसाठी मूळ संशोधनलेखच धरायचे ठरवलं. लगेच वॉर्डातल्या छान केसेसची कागदावरची किंमत घसरली.

तरी एक छोटी गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. जानेवारी २००४ च्या 'लॅन्सेट'मध्ये पुण्याच्या केईएमचे चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा जोडीने फोटो आहे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. नाव 'वाय-वाय पॅराडॉक्स', मराठीतही दोघं 'य'चेच. भारतीय माणूस दिसायला सडपातळ आणि आतून चरबीदार, हे पटवायला एका फोटोने जे काम केलं ते तक्त्यांना जमलं नसतं. इथे लेखकच पेशंट आहेत, त्यामुळे संमतीची भानगड नाही.

ती भानगड मी जवळून पाहिली. आमच्या आत्याचे यजमान, अण्णा, सासवडचे. पाठीवरची गाठ काढली, तपासणीत भलतंच नाव निघालं, सुदैवाने निरुपद्रवी. शिकाऊ डॉक्टरीण फॉर्म घेऊन आली.

"काका, तुमची केस लिहायचीय. फोटो लागेल."

"तोंड येईल का त्यात?"

"नाही, फक्त पाठ. नावही येणार नाही."

"मग तो मी आहे हे कळणार कुणाला?"

"कुणालाच कळू नये काका, म्हणून तर फॉर्म."

पूर्वी डोळ्यांवर काळी पट्टी टाकून भागायचं, आता संपादकांना तेवढं पुरत नाही, लेखी संमती लागते. योग्यच आहे. पण वेल्ससमोर बसलेला कावसजी अण्णांना जास्त समजला असता. नाराजीनेच त्यांनी सही केली.

सहा-सात महिन्यांनी फॉलोअपला गेलो तेव्हा त्या मुलीचं तोंड एवढंसं झालेलं. लेख परत आला होता. अशा बऱ्याच केसेस आधी छापून आल्या आहेत, यात नवीन काही नाही, असं परीक्षकांनी कळवलं होतं. अण्णा काही बोलले नाहीत. बाहेर फाटकापाशी आल्यावर थांबले.

"बऱ्याच म्हणाली ना ती?"

"हो."

"म्हणजे आहेत माझ्यासारखे," म्हणाले, आणि समोरच्या टपरीवर दोन चहा सांगितले.