आनापान

आनापान म्हणजे आपोआप आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या श्वासावर सजगपणे लक्ष ठेवण्याची साधना. पाली भाषेतील बौद्ध ग्रंथांत तिला आनापानसती म्हटले असून मज्झिम निकाय या बुद्धवचनांच्या संग्रहातील ११८ व्या सुत्तात (उपदेशात) तिच्या सोळा पायऱ्या दिल्या आहेत. पहिल्या दोन अगदी साध्या आहेत : श्वास लांब असेल तर तो लांब आहे हे जाणणे, आखूड असेल तर आखूड आहे हे जाणणे. रोजच्या ताणावर उतारा म्हणून आज जे शिकवले जाते ते बहुधा एवढ्यावरच थांबते, आणि बऱ्याच जणांचे तेवढ्यावर भागतेही.

मांडी घालून किंवा खुर्चीत, पाठ सरळ ठेवून आणि डोळे मिटून बसतात. लक्ष नाकपुड्यांच्या कडांवर आणि वरच्या ओठाच्या वरच्या जागेवर ठेवायचे. आत येणारी हवा तिथे किंचित गार लागते, बाहेर जाणारी किंचित कोमट. कधी श्वास एकाच नाकपुडीतून चालू असतो. हे सारे नुसते टिपायचे, बदलायचे काही नाही. दोन-चार श्वास होतात न होतात तोच मन घराच्या हप्त्यावर, साहेबांच्या फोनवर, कालच्या भांडणावर जाऊन बसते. ते ध्यानात आले की स्वतःवर न चिडता पुन्हा नाकाशी यायचे. मन पळाले म्हणजे आपल्याला जमत नाही, असे नवख्यांना वाटते. खरे तर पळालेले मन ओळखून परत आणणे हाच सराव आहे. सवय झाली की त्यासाठी आसनाचीही गरज उरत नाही. लोकलमध्ये दांडी धरून उभ्या उभ्याही तो करता येतो.

प्राणायामाशी आनापानाची गल्लत नेहमी होते. प्राणायामात पूरक (श्वास आत घेणे), कुंभक (रोखणे) आणि रेचक (सोडणे) यांचे नियमन करतात; १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात स्थापन केलेल्या कैवल्यधामात अशा यौगिक क्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू झाला. आनापानात श्वासाला हात लावायचा नसतो. प्रत्यक्षात मात्र लक्ष दिल्याने श्वास आपसूक संथ होतो, त्यामुळे शरीरावरचे परिणाम काही अंशी सारखेच दिसतात. श्वास घेताना हृदयाचे ठोके थोडे जलद होतात, सोडताना मंदावतात. हृदयाला आवर घालण्याचे काम प्रामुख्याने मेंदूकडून हृदयाकडे येणारा व्हेगस चेतातंतू करतो. प्रौढ माणूस विश्रांतीत मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. हा वेग सहाच्या आसपास उतरला की ठोक्यांतला हा चढउतार ठळक होतो. हृदय किंवा पचन मनात आणून थेट चालवता येत नाही, श्वास मात्र आपोआपही चालतो आणि हवा तेव्हा हातीही घेता येतो.

महाराष्ट्रात ही साधना घरोघरी माहीत झाली ती सत्यनारायण गोएंका यांच्यामुळे. म्यानमारमधील या उद्योजकाला अर्धशिशीने हैराण केले होते. १९५५ मध्ये ते तेथील सरकारी लेखाधिकारी आणि ध्यानगुरू सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. १९६९ मध्ये गोएंकांनी मुंबईत विपश्यनेचे, म्हणजे शरीरातील संवेदना तटस्थपणे पाहण्याच्या ध्यानाचे, पहिले शिबिर घेतले. पुढे इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र उभे राहिले. दहा दिवसांच्या शिबिरात पहिले साडेतीन दिवस केवळ आनापान असते, तेही मौन पाळून आणि मोबाइल जमा करून. राज्यातील अनेक शाळांत ‘मित्र उपक्रमा’तून मुलांनाही काही मिनिटांचे आनापान शिकवले गेले. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात सजगतेवर आधारित तणावमुक्तीचा अभ्यासक्रम सुरू केला. पुढे आठ आठवड्यांचे त्याचे स्वरूप जगभर रूढ झाले. त्यातही श्वासावरचे लक्ष हा पाया आहे, धार्मिक चौकट मात्र बाजूला ठेवलेली आहे.

आनापानाने ताणाचे कारण जात नाही. पगार थकला असेल तर तो थकलेलाच राहतो. फार तर झोप लागते आणि बोलताना तोल सांभाळता येतो. सर्वांना ते सोसतेच असेही नाही. ज्यांना अचानक धास्तीचे झटके येतात, त्यांच्यापैकी काहींना श्वासाकडे लक्ष दिल्यावर गुदमरल्यासारखे होते. अशांना तळपायांचा जमिनीला होणारा स्पर्श किंवा आसपासचे आवाज हे आलंबन (लक्ष टेकवण्याची जागा) सोपे जाते. चालू औषधे साधनेच्या भरवशावर बंद करू नयेत. विपश्यना शिबिराच्या अर्जातही मानसिक आजार आणि चालू औषधे यांची माहिती आधीच द्यावी लागते.