टाइन ते टीझ : ईशान्य इंग्लंडच्या कारभाराची पार्श्वभूमी

मे २०२४ मध्ये ईशान्य इंग्लंडमधील सात स्थानिक परिषदांचे मिळून एक नवे संयुक्त प्राधिकरण कामाला लागले आणि त्याच्या पहिल्या महापौर म्हणून मजूर पक्षाच्या किम मॅकगिनेस निवडून आल्या. त्याच प्रदेशाच्या दक्षिण टोकाला, टीझ नदीच्या खोऱ्यात, २०१७ पासून हुजूर पक्षाचे बेन हाउचेन हे वेगळे महापौर आहेत. इंग्लंडच्या नऊ विभागांपैकी लोकसंख्येने सर्वांत लहान असलेल्या, सुमारे साडेसव्वीस लाख वस्तीच्या या विभागाला दोन महापौर का लागले, हे समजून घेण्यासाठी पक्षांच्या भूमिकांपेक्षा तेथील नद्यांकडे आधी पाहावे लागते.

पश्चिमेला पेनाइन्सची डोंगररांग, उत्तरेला स्कॉटलंडच्या सीमेवरील चेव्हिअट टेकड्या आणि पूर्वेला उत्तर समुद्र अशी या प्रदेशाची चौकट आहे, त्यामुळे टाइन, वेअर आणि टीझ या तिन्ही मोठ्या नद्या पूर्वेकडे वाहत समुद्राला मिळतात. यांपैकी टाइन ही तिच्या खालच्या टप्प्यात नॉर्थम्बरलंड आणि डरहॅम या काउंट्यांची (इंग्लंडमधील जुन्या प्रशासकीय विभागांची), तर टीझ ही डरहॅम आणि यॉर्कशायर यांची शतकानुशतके चालत आलेली हद्द होती. या दोन हद्दींमधला डरहॅम हा मुलूख साधासुधा नव्हता. लंडनपासून दूर आणि स्कॉटलंडच्या तोंडावर असल्यामुळे येथील बिशपला स्वतःची न्यायालये चालवण्याचे, नाणी पाडण्याचे आणि सैन्य उभारण्याचे अधिकार मिळाले होते, आणि या सत्तेचे उरलेसुरले अवशेष १८३६ मध्ये राजसत्तेकडे गेले. बिशपची मालकी इतकी पसरलेली होती की थेट उत्तरेला असलेले होली आयलंडसुद्धा १८४४ पर्यंत डरहॅम काउंटीतच मोडत असे. न्यूकॅसलने मात्र १४०० मध्येच राजाकडून सनद मिळवून स्वतःला नॉर्थम्बरलंडपासून वेगळी काउंटी करून घेतले होते.

शेतीप्रधान समाजात नदी ही हद्द म्हणून सोयीची असते, पण कोळसा, जहाजबांधणी आणि लोखंड यांनी हे चित्र उलटे केले. टाइनच्या उत्तर काठावरील न्यूकॅसल आणि दक्षिण काठावरील गेट्सहेड ही गोद्या, कारखाने आणि पुलांनी जोडलेली, प्रत्यक्षात एकच नागरी वस्ती झाली. टीझवर हा बदल अधिक झपाट्याने झाला. १८०१ च्या जनगणनेत मिडल्सब्रो येथे अवघी २५ माणसे होती. कोळसा जहाजांत भरण्यासाठी १८३० मध्ये स्टॉक्टन-डार्लिंग्टन रेल्वे तेथपर्यंत आणली गेली, १८५० मध्ये जवळच्या एस्टन टेकड्यांत लोहखनिजाचा साठा हाती लागला, आणि १९०१ पर्यंत त्या जागी सुमारे ९१ हजार वस्तीचे पोलादाचे शहर उभे राहिले. हे शहर यॉर्कशायरच्या काठावर आणि शेजारचे स्टॉक्टन डरहॅमच्या काठावर असल्याने एकाच उद्योगावर जगणारी माणसे दोन काउंट्यांत विभागली गेली.

१८८८ च्या कायद्याने निवडून आलेल्या काउंटी परिषदा स्थापन झाल्या, त्या जुन्या हद्दी बहुतांशी तशाच ठेवून. न्यूकॅसल, गेट्सहेड, साउथ शील्ड्स, संडरलंड आणि मिडल्सब्रो या शहरांना ‘काउंटी बरो’ हा दर्जा मिळून ती काउंटी परिषदेच्या अधिकाराबाहेर गेली, आणि टाइनकाठचा कारभार आणखीच तुकड्यातुकड्यांत वाटला गेला. १९३७ मध्ये एका शाही आयोगाने टाइनच्या दोन्ही काठांचा कारभार एकत्र करण्याची शिफारस केली, पण ती कागदावरच राहिली. नदी ओलांडणारी पहिली मोठी संस्था टीझवर निर्माण झाली : १९६८ मध्ये मिडल्सब्रो, स्टॉक्टन, थॉर्नबी, रेडकार आदी गावे मिळून टीससाइड हा एकच काउंटी बरो करण्यात आला. तो सहा वर्षे टिकला.

१ एप्रिल १९७४ रोजी अमलात आलेल्या मोठ्या फेररचनेने काउंट्यांच्या पातळीवर नदीला प्रथमच मध्यभागी ठेवले. टाइन अँड वेअर ही पाच जिल्ह्यांची महानगरी काउंटी आणि टीझच्या दोन्ही काठांवरील क्लीव्हलंड ही चार जिल्ह्यांची काउंटी, अशी ही मांडणी होती. टाइन अँड वेअरचे श्रेय द्यायचे तर मेट्रोचे द्यावे लागेल. नदीवरील पुलाने दोन्ही काठांना जोडणारी ही रेल्वे १९८० पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. संडरलंडला मात्र न्यूकॅसलच्या जोडीने बसवले जाणे फारसे रुचले नाही, आणि तेथे मेट्रो पोहोचायला २००२ साल उजाडले. तोपर्यंत ती काउंटी परिषदच उरली नव्हती, कारण थॅचर सरकारने १९८६ मध्ये लंडनच्या परिषदेसह सर्व महानगरी काउंट्यांच्या परिषदा बरखास्त केल्या होत्या. १९९६ मध्ये क्लीव्हलंडही मोडली, पण तिचे नाव आजही तेथील पोलीस दलाला आहे. स्टॉक्टन बरोचा टीझच्या उत्तरेकडील भाग औपचारिक कामांसाठी पुन्हा डरहॅममध्ये आणि दक्षिणेकडील भाग नॉर्थ यॉर्कशायरमध्ये गणला जाऊ लागला, हे या साऱ्या कसरतीचे थोडे गमतीशीर फलित म्हणावे लागेल.

संपूर्ण विभागासाठी एकच निर्वाचित सभा असावी, ही उपपंतप्रधान जॉन प्रेस्कॉट यांनी पुढे रेटलेली कल्पना ४ नोव्हेंबर २००४ च्या सार्वमतात सुमारे ७८ टक्के मतांनी फेटाळली गेली. विरोधकांनी फुगवलेला पांढरा हत्ती गावोगावी फिरवला. सभेला देऊ केलेले अधिकार इतके तुटपुंजे होते की हत्तीचे काम आपोआपच सोपे झाले. सभा मंजूर झाल्यास डरहॅम आणि नॉर्थम्बरलंडमधील द्विस्तरीय कारभार (वर काउंटी परिषद, तिच्याखाली जिल्हा परिषदा) रद्द होणार होता. सभा तर झाली नाही, पण २००९ मध्ये सरकारने त्या दोन्ही काउंट्यांतील जिल्हा परिषदा तरीही रद्द केल्या आणि प्रत्येकीसाठी एकच परिषद ठेवली.

पुढच्या टप्प्यात सभेऐवजी संयुक्त प्राधिकरणे आली. २०१४ मध्ये सात परिषदा एकत्र आल्या खऱ्या, पण निर्वाचित महापौराच्या अटीवर २०१६ मध्ये त्यांच्यात फूट पडली, आणि ती नेमकी टाइनवर पडली. दक्षिणेकडील गेट्सहेड, साउथ टाइनसाइड, संडरलंड आणि डरहॅम या चौघांनी करार नाकारला, तर उत्तरेकडील तिघांनी २०१८ मध्ये स्वतंत्र प्राधिकरण काढले. मेट्रो काही नदीपाशी तोडता येत नव्हती, त्यामुळे वाहतुकीसाठी दोन्ही बाजूंची संयुक्त समिती ठेवावी लागली. २०२४ च्या प्राधिकरणाने ही फूट सांधली. टीझकाठच्या पाच परिषदांनी मात्र २०१६ मध्येच आपली चूल वेगळी मांडली होती, आणि त्यांत डार्लिंग्टनसारखे जुन्या डरहॅममधील शहरही आहे. सरकारचे विभागीय कार्यालय २०११ मध्ये आणि विभागीय विकास संस्था २०१२ मध्ये बंद झाल्यानंतर टाइन ते टीझ अशा संपूर्ण ईशान्य विभागाची स्वतःची निर्वाचित वा प्रशासकीय यंत्रणा उरलेली नाही, आणि तो मुख्यत्वे सरकारी आकडेवारीचा एकक म्हणूनच वापरात आहे.