कॉमेट आणि फँटेल : दोघेही गोल्डफिश, पण दोघांचं घर एक नव्हे

माझ्याकडे दोन गोल्डफिश एकाच पिशवीतून आले. दोघेही नारिंगी, दोघेही बोटाच्या दोन पेरांएवढे. देणाऱ्याने दोघांना एकच नाव सांगितलं आणि मीही दोघांना एकाच टाकीत सोडलं. वर्षभरात त्यातला एक वीतभर व्हायला आला. टाकीच्या या टोकापासून त्या टोकाला जायला त्याला शेपटीचे तीन-चार फटकारे पुरत. दुसरा लिंबासारखा गोल झाला होता. दाणे पाण्यात पडले की तो डुलत डुलत पोचेपर्यंत पहिल्याने सगळं फस्त केलेलं असे. पहिला कॉमेट होता, दुसरा फँटेल.

गोल्डफिशला केवढं घर लागतं, असं विचारलं की एक जण म्हणतो तीन फुटी टाकी पुरे, दुसरा म्हणतो तळ्याशिवाय ठेवूच नका. ऐकणारा गोंधळतो. खरं तर दोघांचंही बरोबर असतं, फक्त दोघे वेगवेगळ्या माशांबद्दल बोलत असतात. शास्त्राच्या दृष्टीने जात एकच, कॅरासियस ऑरॅटस. हजार वर्षांहून अधिक काळ माणसाने तिची पैदास केली आणि त्यातून दोन तऱ्हेची शरीरं तयार झाली. एक लांबट आणि चपळ, म्हणजे साधा गोल्डफिश, कॉमेट, शुबुंकिन. दुसरं आखूड, गोल, दुहेरी शेपटीचं. फँटेल, र्‍युकिन, ओरांडा, ब्लॅक मूर, रांचू हे सगळे या दुसऱ्या घरातले, ज्यांना पाळणारे सरसकट ‘फॅन्सी’ म्हणतात.

लहानपणी हे दोघे ओळखायचे कसे? बाजूने बघून फसायला होतं. पिल्लू तीन-चार सेंटिमीटरचं असताना सगळेच थोडे गुबगुबीत दिसतात, आणि रंगावर तर मुळीच जाऊ नये, कारण पिल्लं आधी काळपट-तपकिरी असतात आणि सोनेरी रंग नंतर चढतो. वरून किंवा मागून बघा. साध्याची शेपटी वरून एकाच उभ्या रेघेसारखी दिसते. फॅन्सीची शेपटी मागून बघितली की दोन पाती फाकलेली दिसतात, उघडलेल्या पुस्तकासारखी. पोटाखाली शेपटीजवळचा परही फॅन्सीत बहुतेक वेळा जोडीने असतो. या दुहेरी शेपटीमागे कॉर्डिन नावाच्या जनुकाच्या एका प्रतीतला बदल आहे. उघड्या नदीत असा मासा फार दिवस टिकला नसता. माणसाने त्याला हौदांत आणि भांड्यांत जपलं म्हणून तो टिकला.

तरी शेवटचा निकाल शेपटीवर देऊ नका. वाकिन नावाच्या प्रकाराची शेपटी दुहेरी असते, पण अंग कॉमेटसारखं लांब आणि पोहणंही तसंच दणकट. उलट तामासाबाचं अंग र्‍युकिनसारखं आखूड आणि शेपटी मात्र एकेरी. घर ठरवताना मी शेपटीपेक्षा अंगाला जास्त वजन देतो. उंचीच्या मानाने अंग लांब असेल तर त्या माशाला अंतर कापायला जागा लागते. अंग गोल असेल तर त्याला शांत, स्थिर पाणी लागतं.

आता वाढीचं बोलू, कारण सगळी फसगत इथे होते. साधा किंवा कॉमेट नीट ठेवला तर २५ ते ३० सेंटिमीटरपर्यंत जातो. फॅन्सी साधारण १५ ते २० सेंटिमीटरला थांबतात, ओरांडासारखे काही त्याहूनही मोठे होतात. आकडे ऐकून वाटतं, फरक फार नाही. पण मासा फक्त लांबीने वाढत नाही, तो सर्व बाजूंनी वाढतो. लांबी दुप्पट झाली की वजन जवळपास आठपट होतं. पिशवीतून आलेलं ५ सेंटिमीटरचं पिल्लू २० सेंटिमीटरचं झालं म्हणजे लांबी चौपट, पण वजन चौसष्टपट. त्याचं खाणं, त्याला लागणारा प्राणवायू, त्याची घाण, सगळंच त्या हिशोबाने कितीतरी पटींनी चढतं. पाणी मात्र तेवढंच.

त्यात गोल्डफिशला खरं जठरच नसतं. खाल्लेलं साठून राहत नाही, ते आतड्यातून पुढे सरकत राहतं. म्हणून तो दिवसभर चरतो आणि दिवसभर घाण करतो. कल्ल्यांतून तो सतत अमोनिया सोडतो, जो त्यालाच विषारी. फिल्टरमधले जिवाणू या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्राइटही घातक असतं, नायट्रेट बऱ्यापैकी सोसतं आणि पाणी बदललं की कमी होतं. नव्या टाकीत हे जिवाणू नीट बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. पाणी काचेसारखं नितळ दिसत असलं तरी अमोनिया असू शकतो, तो डोळ्यांना दिसत नाही. चाचणीचं किट घ्या आणि अमोनिया, नायट्राइट दोन्ही शून्य येतात का ते बघा.

गोल काचेचं भांडं दोघांपैकी कुणालाच चालत नाही, यावर मी काही तडजोड करणार नाही. २५ सेंटिमीटर व्यासाचं भांडं पूर्ण भरलं तरी त्यात जेमतेम ८ लिटर पाणी मावतं, आणि ते जितकं काठाकडे भरावं तितका हवेला लागणारा पृष्ठभाग आक्रसतो. प्राणवायू पाण्यात शिरतो तो याच पृष्ठभागातून. ‘आमचा तर दोन वर्षं भांड्यात जगला’ असं कुणी सांगितलं तर ते खोटं नसतं. गोल्डफिश कमालीचा चिवट आहे. प्राणवायू संपला तर तो शरीरात साचणाऱ्या लॅक्टिक आम्लाचं मद्यार्कात रूपांतर करून कल्ल्यांतून बाहेर टाकतो आणि बर्फाखालच्या पाण्यातही तग धरतो. पण हे तग धरणं झालं. मासा दोन वर्षं टिकला म्हणजे ते भांडं त्याचं घर ठरत नाही. ज्या माशाचं आयुष्य १० ते २० वर्षांचं असतं, त्याच्यासाठी दोन वर्षं म्हणजे नुसतं बालपण. ब्रिटनमधला टिश नावाचा गोल्डफिश १९५६ साली जत्रेत बक्षीस म्हणून मिळाला होता आणि १९९९ साली, ४३ वर्षांचा होऊन गेला.

‘मासा टाकीच्या मापाने वाढतो’ हेही असंच एक वाक्य. टाकी लहान म्हणून मासा शहाणपणाने लहान राहत नाही. कोंडलेल्या, घाणीने भरलेल्या पाण्यात त्याची वाढ खुंटते. लहान प्रकारचा मासा वेगळा आणि खुंटलेला मासा वेगळा. खुंटलेल्याचे डोळे अंगाच्या मानाने मोठे दिसतात, कधी पाठीला बाक येतो. पाळणाऱ्याला मात्र वाटत राहतं, आपला मासा छोटा आणि गोंडस आहे.

लांब अंगाच्या माशाला मी कमीत कमी चार फुटी टाकी म्हणेन, तीही वाढीच्या वयापुरती. १२० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच अशा टाकीत सुमारे २४० लिटर पाणी मावतं. म्हणजे नुसत्या पाण्याचं वजन २४० किलो, तेव्हा खालचं स्टँड आधी तपासा. लोक लांबी बघतात आणि रुंदी विसरतात. २५ सेंटिमीटरचा मासा ३० सेंटिमीटर रुंदीच्या टाकीत वळताना अंग मुडपतो, नाक काचेला घासतो. माझ्या कॉमेटच्या ओठाजवळ पांढुरका घट्टा दिसला, तेव्हा कुठे मला हे कळलं. वाढलेल्या कॉमेटचं खरं घर तळं. थोडी सावली, एखादी खोल बाजू, बगळ्यांपासून जाळी, आणि पोहायला सरळ लांब पल्ला. थंडी त्याला बाधत नाही आणि फिल्टरचा जोरदार प्रवाह त्याला आवडतो.

फॅन्सीचं गणित वेगळं. त्याच्या गोल पोटात आतडी आणि वाताशय, म्हणजे माशाला पाण्यात तरंगतं ठेवणारी हवेची पिशवी, दाटीवाटीने बसलेले असतात. वाताशयाचा मागचा कप्पा बऱ्याच फॅन्सी माशांत लहान झालेला असतो, म्हणून तोल सांभाळणं त्याला जड जातं. कधी तो डोकं खाली करून तरंगतो, कधी उलटा होतो. त्याला वरवर तरंगणाऱ्या दाण्यांपेक्षा बुडणारे दाणे द्यावेत. फिल्टर ताकदीचा हवा, पण त्याची धार भिंतीकडे वळवून किंवा स्पंजमधून सोडून मंद करावी, नाहीतर हा बिचारा दिवसभर प्रवाहाशी झगडत राहतो. ब्लॅक मूरसारख्या बाहेर आलेल्या डोळ्यांच्या माशाला नीट दिसत नाही, त्याच्या टाकीत टोकदार दगड किंवा प्लॅस्टिकची कडक झाडं नकोत. जागेचा माझा हिशोब असा : पहिल्या फॅन्सी माशाला ७५ लिटर, पुढच्या प्रत्येकाला आणखी ४० लिटर. तीन फुटी टाकीत दोन-तीन जण सुखाने म्हातारे होतात. उघड्या तळ्यात त्यांना मी सोडणार नाही. कडाक्याची थंडी त्यांना सोसत नाही आणि पक्षी आला तर पळता येत नाही.

उष्ण दिवसांत मात्र दोघांचीही काळजी सारखीच. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो. नेमकी तेव्हाच माशाची गरज वाढलेली असते. मासा पृष्ठभागाशी येऊन तोंडाने हवा गिळू लागला तर तो खाऊ मागतोय असं समजू नका, आधी एअर पंप लावा.

दोघांना एकत्र ठेवू नये, याचं कारण भांडण नाही. कॉमेट स्वभावाने गुंड नसतो, तो फक्त वेगवान असतो. फँटेलला तोंड उघडायला वेळ मिळत नाही आणि तो हळूहळू वाळतो. माझा वाळत होता, आणि मी मात्र समजत होतो की तो मुळातच लहान चणीचा आहे.

मोठ्या घरात हलवताना जुन्या फिल्टरचा स्पंज बरोबर न्या. तो नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने त्यातले जिवाणू मरतात. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळून घ्या. नव्या टाकीत हाच स्पंज चालवला तर सगळं शून्यापासून सुरू करावं लागत नाही. नवं घर देणं शक्य नसेल तर तळं असलेल्या एखाद्या पाळणाऱ्याला मासा द्या. नदीत, ओढ्यात किंवा सार्वजनिक तलावात कधीही सोडू नका. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या बर्न्सव्हिल शहराने तिथल्या तलावातून काढलेल्या दांडग्या गोल्डफिशचे फोटो दाखवून लोकांना हीच विनवणी केली होती. हे मासे तळाचा गाळ उकरून पाणी गढूळ करतात, पाणवनस्पती उपटतात आणि तिथल्या मूळ जीवांचं जगणं अवघड करतात.

माझा कॉमेट आता एका ओळखीच्यांच्या तळ्यात आहे. वरून बघितलं की एक नारिंगी रेघ सरळ जाते आणि बऱ्याच लांब जाऊन वळते. फँटेल जुन्याच टाकीत राहिला, सोबतीला एक रांचू आला. दाणे टाकले की ते सावकाश तळाशी जातात, आणि दोघेही डुलत डुलत, वेळेवर पोचतात.