गाणे निवडायचे की गायक? माल्टाच्या युरोव्हिजन प्रवेशिकेची पार्श्वभूमी

युरोव्हिजन या युरोपीय देशांच्या वार्षिक गीतस्पर्धेत कुठले गाणे पाठवायचे हे ठरवणाऱ्या माल्टाच्या निवडस्पर्धेची गेल्या दहा वर्षांतली कहाणी वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. बेटावरच्या लोकांनी आणि परीक्षकांनी हिवाळ्यातल्या एका रात्री ज्या गाण्याला पहिला क्रमांक दिला, तेच गाणे मे महिन्यात युरोव्हिजनच्या मंचावर ऐकू येईल, याची खात्री कुणी देत नाही. २०१६ मध्ये विजेते गाणे सरळ बाजूला ठेवण्यात आले, २०२२ मध्ये त्याचीच पुनरावृत्ती झाली, आणि २०२५ मध्ये गाणे टिकले पण त्याचे नाव गेले. या तिन्ही प्रसंगांत जो वाद झाला त्याच्या मुळाशी एकच जुना प्रश्न आहे: ही स्पर्धा गाणे निवडण्यासाठी आहे की गायक निवडण्यासाठी?

सुरुवातीच्या काळात हा प्रश्न पडण्याचे कारणच नव्हते. माल्टाची स्वतःची दूरचित्रवाणी १९६२ मध्ये सुरू झाली, पण त्याच्या आधीपासून सिसिलीच्या बाजूने येणारे इटालियन प्रक्षेपण बेटावर दिसत होते आणि सानरेमोचा गीतमहोत्सव तिथल्या घराघरांत पाहिला जात होता. गाण्यांची स्पर्धा कशी असते, याचा नमुना माल्टाने तिथूनच उचलला. त्या नमुन्यात गीतकार-संगीतकार हा मुख्य स्पर्धक असतो आणि गायक त्याचे गाणे मांडणारा. १९७१ मध्ये डब्लिनला आणि १९७२ मध्ये एडिंबरोला माल्टाने पाठवलेली दोन्ही गाणी माल्टी भाषेत होती. दोन्ही वर्षी अठरा देश उतरले होते आणि दोन्ही वर्षी माल्टा अठरावा आला. १९७५ मध्ये स्टॉकहोमला गेलेले गाणे इंग्रजी होते, ते बारावे आले, आणि त्यानंतर तब्बल सोळा वर्षे हा देश स्पर्धेत दिसला नाही.

त्या दोन शेवटच्या क्रमांकांचा दोष भाषेच्या माथी मारणे न्याय्य होते असे म्हणता येणार नाही, पण व्यवहारात तसेच झाले. १९७६ पासून माल्टी भाषेतल्या गाण्यांसाठी ‘लोकांचे गाणे’ अशा अर्थाच्या नावाचा वेगळा महोत्सव सुरू झाला आणि भाषेचा प्रश्न जणू त्या दुसऱ्या मांडवात हलवला गेला. ‘आना’ या नावाने ओळखले जाणारे बेटावरचे पारंपरिक गायन, ज्यात दोन गायक गिटारच्या साथीवर एकमेकांना जागच्या जागी रचलेल्या ओव्यांनी उत्तरे देतात, ते तर युरोव्हिजनच्या वाटेला कधी गेलेच नाही. २०२१ पासून माल्टी गाण्यांसाठी आणखी एक सरकारी पाठबळाचा महोत्सव भरतो. म्हणजे ज्या भाषेला १९६४ मध्ये स्वतंत्र झालेल्या या देशाने राष्ट्रभाषेचा मान दिला, तिच्यासाठी मंच आहेत, प्रेक्षक आहेत, पण युरोपसमोर जाणाऱ्या मुख्य स्पर्धेत ती एखाद्या कडव्यापुरतीच डोकावते.

१९९१ मध्ये माल्टा परतला, तोही काहीसा योगायोगाने. सहभागी देशांच्या संख्येवर मर्यादा होती, नेदरलँड्सने त्या वर्षी माघार घेतली आणि ती रिकामी जागा माल्टाला मिळाली. पुढची आठ वर्षे या देशाच्या वाट्याला जे यश आले, तसे त्याच्या आकाराच्या दुसऱ्या कुठल्याही देशाच्या वाट्याला त्या दशकात आले नाही: १९९१ ते १९९८ या काळात दरवर्षी पहिल्या दहांत, १९९२ मध्ये तिसरा, १९९८ मध्ये पुन्हा तिसरा. बर्मिंगहॅमच्या त्या १९९८ च्या रात्री अखेरीस इस्राएलला १७२, ब्रिटनला १६६ आणि माल्टाला १६५ गुण होते आणि शेवटच्या देशाचे गुण येईपर्यंत विजेता ठरलेला नव्हता. शेवटी जे गुण आले त्यांत माल्टासाठी एकही नव्हता.

या यशामागे एक नियम होता, हे माल्टात फारसे उघडपणे बोलले जात नाही. १९७७ पासून १९९८ पर्यंत प्रत्येक देशाला आपल्याच राजभाषेत गाणे बंधनकारक होते. इंग्रजी राजभाषा असलेले देश तीनच होते: ब्रिटन, आयर्लंड आणि माल्टा. माल्टी ही दुसरी राजभाषाही उपलब्ध होती, पण ती निवडण्याचा मोह त्या वर्षांत कुणालाच झाला नाही. १९९९ पासून भाषेचे बंधन गेले, बरेच देश इंग्रजीत गाऊ लागले आणि माल्टाची सवलत संपली. त्याच सुमारास परीक्षकांच्या जागी प्रेक्षकांचे दूरध्वनी मतदान आले. लोक शेजाऱ्याला आणि परदेशी गेलेल्या आपल्या माणसांच्या देशाला मत देतात. माल्टाचा खरा शेजारी एकच, इटली, आणि तो १९९८ पासून २०१० पर्यंत स्पर्धेतच नव्हता. बेटावरून स्थलांतर करून गेलेल्यांतले पुष्कळ जण ऑस्ट्रेलियात, आणि ऑस्ट्रेलियाला मत देण्याचा अधिकार मिळाला तो २०१५ मध्ये. तरीही २००२ मध्ये आणि २००५ मध्ये माल्टा दुसरा आला. पण त्या दोन वर्षांच्या मध्ये २००३ चा पंचविसावा क्रमांक आहे आणि लगेच पुढे २००६ चा अंतिम फेरीतला एकमेव गुण.

घरच्या निवडीत मतदान कसे होते हे समजायला बेटावरचा बँड क्लब, म्हणजे गावच्या वाद्यवृंदाचे मंडळ, पाहावा लागतो. अनेक गावांत असे एक नाही, दोन क्लब असतात: खाली बार, वर तालमीची खोली, भिंतीवर संताची तसबीर आणि जुन्या मिरवणुकींची छायाचित्रे. गावच्या उत्सवात कुणाचा बँड आधी वाजणार, कुणाची आतषबाजी मोठी, यावरून पिढ्यान्‌पिढ्या चुरस चालते आणि कोण कुठल्या क्लबचा हे जन्मावरून ठरते. राजकारणातही लाल आणि निळा असे दोनच रंग, आणि त्या दोन्ही पक्षांच्या स्वतःच्या दूरचित्रवाणी वाहिन्या आहेत. साडेपाच लाखांच्या आसपास वस्तीच्या अशा समाजात गाण्याला मत देणे म्हणजे बहुतेक वेळा ओळखीच्या घराला मत देणे असते. परीक्षकांतही कुणी ना कुणी कुणाच्या ओळखीचे निघते. म्हणूनच परीक्षकांचा वाटा किती आणि लोकमताचा किती, हे प्रमाण राष्ट्रीय प्रसारण संस्थेने वारंवार बदलले. २०१७ मध्ये निर्णय पूर्णपणे लोकमतावर सोपवण्यात आला, आणि त्याच गाण्याला कीव्हच्या उपांत्य फेरीत युरोपातल्या परीक्षकांनी ५५ गुण दिले, प्रेक्षकांनी शून्य. योगायोग असेल, पण बोलका आहे.

आता २०१६ च्या निर्णयाकडे वळावे लागेल, कारण पुढचे बरेचसे त्यातून निघाले. त्या वर्षीच्या नियमांत असे कलम होते की विजेत्याला संस्थेच्या संमतीने आपल्या गाण्यात कितीही बदल करता येईल, अगदी संपूर्ण गाणेच बदलता येईल. जानेवारीत जी गायिका जिंकली ती बेटाला नवी नव्हती, २००२ मध्ये दुसरा क्रमांक मिळवून देणारी तीच. ती जिंकली आणि पुढच्या काही आठवड्यांत तिचे विजेते गाणे मागे घेऊन दुसरेच गाणे स्टॉकहोमसाठी जाहीर झाले. संस्थेने नियमावर बोट ठेवले आणि नियम खरोखरच तसा होता. बदलाच्या बाजूने मांडलेला युक्तिवादही अगदीच पोकळ नव्हता. गाणी शरद ऋतूत मागवली जातात, तोवर बाहेरच्या देशांचे पत्ते उघड झालेले नसतात, कित्येक देश तर निवडस्पर्धा न घेता बंद खोलीत गायक आणि गाणे दोन्ही ठरवतात, मग माल्टानेच हात बांधून का घ्यावेत? शिवाय आधीचे आणि नंतरचे अशा दोन्ही गाण्यांमागे स्वीडिश संगीतकारांचा हात होता, तेव्हा ‘आमचे’ गाणे काढून ‘परके’ आणले असे म्हणायलाही जागा नव्हती.

आक्षेप वेगळ्या ठिकाणी होता आणि प्रस्तुत लेखकाला तो अधिक वजनदार वाटतो. हरलेल्या स्पर्धकांचे गीतकार आणि संगीतकार एका गाण्याशी स्पर्धा करून हरले होते, आणि ते गाणे नंतर स्पर्धेतून उठून गेले. ज्यांनी पैसे मोजून दूरध्वनीवरून मत नोंदवले, त्यांनी ते एका विशिष्ट गाण्यासमोरच्या क्रमांकावर नोंदवले होते. त्यांना नंतर सांगण्यात आले की तुम्ही खरे म्हणजे गायिका निवडली. तसे असेल तर सर्वांना एकाच गाण्यावर, किंवा गाण्यावाचून, जोखता आले असते. नव्वदीच्या दशकात याच निवडीचे नाव ‘युरोपसाठी माल्टाचे गाणे’ अशा अर्थाचे होते. नाव पुढे बदलले, पण स्पर्धेचा आव मात्र गाण्याच्या स्पर्धेचाच राहिला. नवे गाणे स्टॉकहोमला बारावे आले, म्हणजे वाईट म्हणता येणार नाही. मात्र त्याचे १५३ गुण कुठून आले ते पाहिले तर १३७ परीक्षकांचे आणि १६ प्रेक्षकांचे. बदल ज्यांच्यासाठी केला ते परीक्षक खूश झाले, इतके त्यातून सिद्ध होते. याच्या उलट बाजूला ठेवण्याजोगी वस्तुस्थिती अशी की माल्टाचे आजवरचे चार सर्वोत्तम निकाल, १९९२, १९९८, २००२ आणि २००५ चे, बेटावरच्याच लोकांनी लिहिलेल्या आणि निवडीत जिंकून जशाच्या तशा पाठवलेल्या गाण्यांना मिळाले आहेत. काळ बदलला, स्पर्धा मोठी झाली, हे मान्य करूनही ही नोंद पुसता येत नाही.

२०१९ आणि २०२० मध्ये संस्थेने निदान प्रामाणिकपणाचा मार्ग घेतला. परदेशी साच्यावर बेतलेला गायनाचा रिअ‍ॅलिटी शो घ्यायचा, त्याच्या विजेत्याला तिकीट द्यायचे आणि गाणे नंतर संस्थेने शोधायचे. निवड गायकाची आहे हे त्यात सुरुवातीपासून स्पष्ट होते. २०२० ची विजेती त्या वर्षी स्पर्धाच रद्द झाल्याने २०२१ मध्ये रॉटरडॅमला गेली. ती मुळात २०१५ ची बाल युरोव्हिजन विजेती. सट्टेबाजारात तिचे नाव वर होते, ती सातवी आली आणि पुन्हा तोच आकडा समोर आला: २०८ गुण परीक्षकांचे, ४७ प्रेक्षकांचे. २०२२ मध्ये जुनी गीतस्पर्धा परत आली, तिच्या विजेतीने पुन्हा नियमाचा आधार घेऊन गाणे बदलले, आणि तूरीनमध्ये बदललेले गाणे उपांत्य फेरीच्या पुढे गेले नाही. या वेळी निकालाची ढालही उरली नाही.

२०२५ चा प्रसंग या मालिकेत ठेवावा की वेगळा काढावा, यावर मतभेद होऊ शकतात. फेब्रुवारीत ता' काली इथल्या सभागृहात जे गाणे जिंकले त्याचे शीर्षक होते ‘कान्त’. माल्टी भाषेत या शब्दाचा अर्थ ‘गायन’. इटालियनमधून आलेला, शाळेतल्या गायनाच्या तासालाही वापरता येईल असा साधा शब्द. मराठी वाचकाला तर त्यात शशिकांत-रमाकांतच ऐकू येतील. पण इंग्रजी कानाला तो स्त्रीच्या गुप्तांगावरून दिल्या जाणाऱ्या शिवीसारखा ऐकू येतो, आणि गाण्याच्या धृवपदात त्याच्या आधी जे इंग्रजी क्रियापद होते त्यामुळे समलैंगिक आणि ड्रॅग कलाकारांच्या वर्तुळातला, ठसक्यात मिरवण्याच्या अर्थाचा वाक्प्रचार पुरा होत होता. हा श्लेष जाणूनबुजून केलेला होता यात शंका नाही, आणि शब्द केवळ भाषेचे लेणे म्हणून तिथे आला होता असा बचाव करणाऱ्यांनी आपल्याच गाण्यातली गंमत नाकारली. ब्रिटिश प्रसारण संस्थेने हरकत घेतली, मार्चच्या सुरुवातीला स्पर्धेच्या आयोजक संघाने शब्द काढायला सांगितले, आणि प्रवेशिका सादर करण्याची मुदत काही दिवसांवर असताना शीर्षकात आणि धृवपदात बदल करण्यात आला.

इथे गुंता असा की माल्टी भाषेतला शब्द माल्टाच्या गाण्यातून काढला गेला तो दुसऱ्या भाषेत कसा ऐकू येतो यावरून. पन्नास वर्षांहून अधिक काळ ज्या देशाने आपली भाषा या मंचापासून स्वतःहोऊन दूर ठेवली, त्याच्या गाण्यातला एकुलता एक माल्टी शब्द बाहेरच्यांनी काढायला लावल्यावर भाषेच्या अपमानाची ओरड झाली. ओरड खोटी नव्हती, उशिराची होती. २०१६ आणि २०२२ मध्ये गाणे बदलले तेव्हा नियम आपलेच होते आणि बदलणारेही आपलेच. २०२५ मध्ये निवडीचा निकाल बदलण्याचा अधिकार पहिल्यांदाच बेटाबाहेर वापरला गेला, आणि ज्या संस्थेने स्वतः दोनदा विजेते गाणे बदलू दिले तिला ‘लोकांनी निवडलेले गाणे जसेच्या तसे राहू द्या’ असे ठासून सांगायला नैतिक जमीन थोडीच उरली होती.

बासेलच्या सभागृहात मे महिन्यात हे गाणे सादर झाले तेव्हा धृवपदात शब्दाच्या जागी गायिका नुसता उद्गार काढत होती आणि ती जागा समोरचे प्रेक्षक मूळ शब्द ओरडून भरत होते. २०२३ पासून उपांत्य फेरीचा निकाल केवळ प्रेक्षकांच्या मतांवर लागत होता. त्या नियमाखाली २०२३ आणि २०२४ मध्ये बाद झालेला माल्टा या वेळी तीच फेरी ओलांडून अंतिम फेरीत पोहोचला. तिथे तो सतरावा आला: परीक्षकांचे ८३ गुण आणि प्रेक्षकांचे ८. उपांत्य फेरीत परीक्षकांना परत आणण्याचा निर्णय २०२६ च्या स्पर्धेसाठी त्याच वर्षअखेरीस जाहीर झाला.