चालणारा प्राणी किट : डबा उघडलात की आधी हे वाचा

किट घेतल्याबद्दल थँक्यू! यात कोडिंग नाहीये, ॲप नाहीये, त्यामुळे मोबाइल बाजूला ठेवा. मोटरवाल्या तुकड्याचं बटण दाबायचं, तो हाताने हवा तसा फिरवायचा, परत बटण दाबायचं, की तुम्ही जे केलं तेच तो पुन्हा पुन्हा करत बसतो. बाकीचे तुकडे नुसते प्लास्टिकचे, पाय शेपूट मान काय हवं ते बनवा.

आयडिया आमची नाही हे आधीच सांगतो. अमेरिकेत एमआयटी मीडिया लॅबमध्ये हेज राफल आणि अमांडा पार्क्स यांनी टोपोबो नावाचं असंच खेळणं केलं होतं, २००४ मध्ये त्याच्यावर त्यांचा पेपर आला. त्यात क्वीन म्हणून एक तुकडा होता, त्याला शिकवलेली हालचाल जोडलेल्या सगळ्या मोटरी एकदम करायच्या. आमच्या किटमध्ये तो नाही, किंमत फार वाढते.

आता मेन मुद्दा. तुमचा पहिला प्राणी बहुतेक पडणार, आणि किट खराब आहे म्हणून आम्हाला फोन करायच्या आधी तो कुठल्या बाजूला पडतोय ते बघा. चार पायांतला एक उचलला की खाली तीन टेकलेले राहतात, त्यांचा त्रिकोण होतो, अंगाचं वजन त्या त्रिकोणाच्या बाहेर गेलं की झाला आडवा. मोटर जड असते, ती उंचावर लावलीत तर अजून लवकर कलंडतो. सहा पाय करून बघा, मुंगीसारखे, एका बाजूचे पुढचा-मागचा आणि दुसऱ्या बाजूचा मधला असे तीन कायम जमिनीवर, मग पडायचा प्रश्नच मिटतो.

दुसरी कॉमन तक्रार, पाय हलतात पण गडी जागचा हलत नाही. पाय मागे जाताना जेवढा ढकलतो तेवढाच पुढे येताना उलटा घासतो, म्हणून. पुढे येताना पाय उचलला गेला पाहिजे. गुळगुळीत टाइल्सवर नका चालवू, सतरंजी बेस्ट.

आईबाबांनो, उत्तर लगेच सांगू नका हां. पोरांबरोबर जरा रांगून बघा, उजवा हात आणि डावा गुडघा बरोबर पुढे जातो, तेच मोटरींना शिकवा.

हालचाल चालू असताना तुकडा हाताने अडवू नका, गिअरचे दात जातात. नवे-जुने सेल मिक्स करू नका. तुकडे बारीक आहेत, तीन वर्षांच्या आतल्या मुलांपासून लांब ठेवा. एखादा गिअर गेलाच तर तेवढा सुटा मिळतो, पूर्ण किट परत घ्यायची गरज नाही.